अडीच सुताचा लसण्या

माझ्या नवऱ्याचा उजवा हात तुम्ही मशीनला देऊन बसला होतात, महाराज. आणि आम्ही त्याबद्दल तुमच्या पाया पडून आलो होतो.

तुमचं नाव मी लिहीत नाही. सीताबर्डीत तुमच्या जिन्यावर सकाळपासून चपलांची रांग लागते, तेवढ्यावरून ज्याला ओळखायचं तो ओळखेल. भ्याले म्हणून नाव गाळलं असं समजू नका. नाव लिहिलं की लोक म्हणतात, हा एकटाच वाईट, बाकीचे चांगले. ती सोय मला करून द्यायची नाही.

हात वाचला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. माझा राहिला तेवढा पुरे. मी हे लिहीत बसले आहे आणि चंपतराव समोर विहिरीतून पाणी ओढतो आहे. दोरावर त्याची पाची बोटं दिसतात. मी मधूनच मान वर करून पाहते आणि पुन्हा लिहायला लागते. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. ज्याचा हात जाणार होता त्याला नाव असलं पाहिजे.

चंपतराव कोराडीच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात लेथवर आहे. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, आमच्याकडे त्याला खराद म्हणतात. ट्रकांचे, पंपांचे शाफ्ट येतात, ते तो घासून-कातून नवे करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचे दिवस जरा उलटे फिरले. सायकलवरून पडला, मग ताप आला, मग एक चांगला शाफ्ट हातून बिघडला. माणसाच्या आयुष्यात असं होतं. पण माझ्या सासूला, प्रयागबाईला, ते एकामागून एक दिसलं, आणि तिनं त्याची पत्रिका शोधून काढली.

तिला मी दोष देत नाही. चंपतरावाचा बाप तरणाताठा असताना गेला. गावच्या भगतानं त्याच्या दंडाला धागा बांधला होता. नदीवर अंघोळीला गेला तेव्हा त्यानं तो काढून दगडावर ठेवला, आणि त्याच आठवड्यात हगवणीनं गेला. लोक म्हणाले हगवण. प्रयागबाई आजपर्यंत म्हणते, धागा.

असं माणूस तुमच्या जिन्यावर आलं, महाराज. तुम्ही पत्रिका उलगडली, बोटांवर मोजलं आणि म्हणालात, "केतू बसलाय. लसण्याचा खडा घाला. साधा नको, अडीच सुताचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात. अंगठी अखंड हवी, सांधा नको, चीर नको. आणि एकदा घातली की उतरवायची नाही."

"आंग धुतानी बी नाही?" प्रयागबाईनं विचारलं.

"नाही. उतरवली, तर ज्या हातातली उतरवली तो हात जाईल."

तिनं चंपतरावाचा हात दोन्ही हातांत धरला, जसं कोणी आत्ताच ओढून नेतं आहे. तुम्ही पाहिलंत ते. पाहिलंत आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत.

लसण्या घ्यायला आम्ही तिघं इतवारीच्या सराफ्यात गेलो. शेटजीनं गादीवर बसवलं, कागदाची पुडी सोडली आणि पांढऱ्या कागदावर खडे ओतले. मला पहिल्यांदा वाटलं, फसवणूक आहे. नुसते गोल पाठीचे गोटे. काही मधाच्या रंगाचे, काही शेवाळी, दोन-चार चुलीच्या धुरासारखे. मग शेटजीनं एक खडा चिमट्यात धरून बल्बाखाली नेला, आणि दगडानं डोळा उघडला. उन्हात मांजराच्या डोळ्यातली बाहुली बारीक होते, तशी उजेडाची एक उभी रेघ. खडा इकडे कलला की रेघ तिकडे सरके. दगडाच्या आत कोणी जागं आहे असं वाटे. त्या रेघेलाच सूत म्हणतात.

माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. खोटं का लिहू? दगडाचा काही गुन्हा नाही. दगड सुंदर होता.

चंपतरावानं एकेक खडा उचलून एक डोळा मिटून पाहायला सुरुवात केली. शाफ्ट पाहतो तसाच.

"याचा सेंटर आउट हाये," म्हणून एक बाजूला. "याची रेघ टोकाले जाऊन वाकते," म्हणून दुसरा बाजूला. "हा मधीच तुटते, पाह्यजा."

"भाईसाहब, आप तो जौहरी निकले," शेटजी हसला.

"जौहरी नाही शेटजी, खरादी हावो. लोखंड राहो का दगड राहो, सेंटर तं सेंटर."

त्यानं निवडून ठेवला तो एक लहान, शेवाळी, चपट्या पाठीचा खडा. रेघ बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, बल्ब डोक्यावर असला की बरोबर मध्यावर. कलवला तरी तुटत नव्हती. शेटजीनंही मान हलवली. "यही असली चीज है. एक सूत, सीधा, बीचोबीच."

"एक?" प्रयागबाई म्हणाली. "एक काहून? महाराजानं अडीच सांगतले."

"माताजी, लहसुनिया में एक ही..."

"तुम्ही महाराज हाये का?"

शेटजी व्यापारी माणूस. त्यानं गादीमागचा दुसरा बल्ब लावला. खड्यावर लगेच दुसरी रेघ उमटली. प्रयागबाईचा चेहरा उजळला. "दोन झाले! आता अर्धा पाहा."

महाराज, अर्धी रेघ शोधत एक म्हातारी बाई सराफ्यात कशी फिरते, ते तुम्ही यायला हवं होतं पाहायला. ती खडा घेऊन दारात गेली, तिथे ऊन पडलं तर रेघ फाकली. आत आली, भिंतीशी धरला. कपाटाच्या काचेपाशी नेला. मी बल्बासमोर हात आडवा धरला, एक रेघ गेली. हात काढला, पुन्हा आली.

"आत्याबाई, हा सूत दगडाचा नाही, बल्बाचा हाये. बल्ब दोन, सूत दोन. अर्धा बल्ब कुठून आणता?"

"तुह्या बापाच्या घरी एकच बल्ब होता," ती म्हणाली, "म्हणून तुले दोन दिसले का पोट दुखते."

शेटजी खोकला. चंपतराव हसू लपवायला खडे चाळू लागला. मीही हसले असते, पण ती आता त्या ढिगातला सगळ्यांत मोठा खडा घेऊन बसली होती. मधाच्या रंगाचा, उंच, खालून जड बुडाचा. बुडात दगड उगीच सोडला होता, वजन भरावं म्हणून. काचेच्या कपाटाजवळ धरला की त्याच्यावर दोन रेघा आणि काचेच्या उजेडाची एक पुसट, अर्धवट तिसरी.

"हा! अडीच!"

"आई, त्याचा सेंटर..."

"सेंटर गेला खड्ड्यात. तुह्या बापाचाबी सेंटर बरोबर होता."

बाप मध्ये आला की चंपतराव हार मानतो. मी म्हटलं, आत्याबाई, हा लय उंच हाये, बोटावर शिंगासारखा उभा राहील, लोखंडापाशी काम करते माणूस. ती म्हणाली, उंच राहीन तं केतूले दुरून दिसन. खडा तोच ठरला.

गांधीबागेच्या तोंडाशी गोपाळराव सोनार बसतो, त्याच्याकडे अंगठी करायला दिली. आणायला मी एकटी गेले. तो पट्टीची टोकं जुळवून, झाळून एकजीव करायच्या तयारीत होता.

"सांधा झाळू नका," मी म्हटलं.

"काहून? ढिली राहीन. ओढ बसली तं उघडन."

"उघडू द्या. त्याचं काम मशीनवर हाये. नुसती टोकं भिडवा. पाहणाऱ्याले दिसू नये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टोकं नुसती भिडवून दिली. घरी मी अंगठी प्रयागबाईच्या हातात ठेवली आणि अखंड आहे म्हणून सांगितलं. त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. तुम्ही पत्रिकेत पाहून बोलता. मी मशीन पाहून बोलले.

वर्कशॉपाच्या दाराशी भिंतीत खिळे ठोकले आहेत. कामावर आलं की अंगठी, घड्याळ, गळ्यातला गमछा तिथे लटकवायचा आणि मग आत जायचं. फोरमन नानाजींचा कायदा. कितीही जुना माणूस असो, नानाजी दारात हात पाहतात. पहिल्या दिवशी त्यांनी चंपतरावाच्या बोटातला तो मधाचा डोंगर पाहिला.

"काय गा हे? लगीन ठरलं का दुसरं?"

"आईनं शपथ घातली, नानाजी."

"आईले सांग, शपथ खिळ्यावर टांगून ये."

चंपतरावानं टांगली. संध्याकाळी बोटात घालून घरी आला. दोन-चार दिवस बरे गेले. पण प्रयागबाई ही प्रयागबाई आहे. एका संध्याकाळी तो हात धुवायला बसला असताना तिनं त्याचा हात उजेडात ओढला. बोटं तेलानं काळी, नखांत वंगण, आणि अंगठी लखलखीत.

"चंपत, साऱ्या हाताले तेल लागलं, आंगठीले काहून नाही लागलं?"

तिनं आपलं ताट दूर सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. ओरडली नाही, रडली नाही. नुसती म्हणे, "तुह्या बापानं बी थोडाच वेळ काढला होता." त्यापुढे कोणता मुलगा टिकेल? तिसऱ्या दिवशी चंपतरावानं तिच्यासमोर शपथ घेतली, आता काढणार नाही. त्यानं अंगठीवरून बोटाला चिंधी गुंडाळली, दारात नानाजींना खरचटलं म्हणून सांगितलं, आणि आत गेला.

त्या दिवशी तो शाफ्टला पॉलिश देत होता. शाफ्ट जोरात फिरतो आणि पॉलिशच्या कापडाची पट्टी दोन्ही हातांनी त्याच्यावर धरायची असते. चिंधी सुटली. पट्टीचं टोक त्या उंच खड्यात अडकलं, आणि शाफ्टनं पट्टी, पट्टीनं अंगठी आणि अंगठीनं हात ओढला.

मला हे नंतर कळलं. घरी आधी आला तो त्याच्याबरोबर काम करणारा रुपराव, सायकल टाकून, घामाघूम.

"वहिनी, चाला. चंपतभाऊचा हात..."

आणि त्याला दम लागला. त्या दमाएवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही.

रिक्षात प्रयागबाई माझ्या शेजारी होती. तिच्या मांडीवर निवडायच्या तुरीचं सूप तसंच होतं, ती खाली ठेवायला विसरली होती. सारा रस्ता ती एकच बोलत होती, "आंगठी तं घातली होती वं. आंगठी तं घातली होती." मी तिचा हात धरला. तिच्यावर चिडायचं मला त्या वेळी सुचलं नाही. तुमच्यावर सुचलं.

दवाखान्यात गेलो तर चंपतराव बाकावर बसून डाव्या हातानं चहा पीत होता.

"कायले पळत आल्या वं साऱ्या? अन् हे सूप कायले आणलं?"

उजव्या हाताला पट्टी होती. मधल्या बोटाची कातडी सोलली होती, मनगट सुजलं होतं. हाड शाबूत, शीर शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला नुसतं "शाबूत" एवढंच ऐकू आलं, आणि मी तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. नर्स म्हणाली, बाई, रडा खुशाल. मी म्हटलं, रडू येऊनच नाही राहिलं.

प्रयागबाईला मात्र डॉक्टरचं खरं वाटेना. तिनं कमरेची चंची सोडली, चंपतरावाच्या डाव्या तळव्यावर तंबाखू टाकली, चुना लावला.

"चोळ."

"आई, पट्टी हाये."

"आंगठा मोकळा हाये नं? चोळ."

त्यानं उजव्या अंगठ्यानं तंबाखू चोळली. ती वाकून पाहत होती. मग त्यानं थापटायला बोटं उचलली, ती सगळी उचलली गेली, आणि तिनं त्याचा हात धरला. "पुरे बाप्पा. नोको थापटू, दुखन." आणि मग ती रडली. बाकावर, सूप बाजूला ठेवून, पोटभर.

इतक्यात नानाजी आले. त्यांच्या हातात ती अंगठी होती, सरळ होऊन आकड्यासारखी झालेली. खड्याचे दोन तुकडे.

"हा सांधा कोणं सोडला?" त्यांनी विचारलं. "ज्यानं सोडला त्याच्या पाया पडा. आंगठी उघडून निंघून गेली म्हणून बोट राहिलं. अखंड असती तं बोट मशीनवर अन् चंपत खाली पडला असता. मी पाहिलं हाये तसं, दुसऱ्या वर्कशॉपात. दुसऱ्यांदा पाहाची ताकद नाही माह्यात." एवढं बोलून त्यांनी चंपतरावाला अशी एक शिवी दिली की दवाखाना थांबला, आणि मग त्याच्याच बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

"मी सोडला," मी म्हटलं.

प्रयागबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मले तं अखंड हाये म्हणून सांगतलं होतं."

"खोटं सांगतलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खड्याचे तुकडे पदरात बांधले आणि म्हणाली, "चाल. महाराजाले विचारू."

तुम्हाला आठवत असेलच, महाराज. तुम्ही तुकडे तळहातावर घेतलेत, डोळे मिटलेत. "पाहा. घात येणार होता, तो दगडानं स्वतःवर घेतला. आता दुसरा घ्या. याहून मोठा."

आधीची प्रयागबाई असती तर तिथूनच सराफ्यात गेली असती. पण ती बसून राहिली.

"महाराज, आंगठी अखंड नव्हती. या पोरीनं सांधा सोडला होता."

"मग! म्हणूनच अपघात झाला."

"मंग दगडानं वाचवलं, का सांध्यानं घात केला? दोन्हीतलं एक काय ते सांगा नं बापा."

तुम्ही माझ्याकडे रागानं पाहिलंत. ती पुढे म्हणाली, "फोरमन म्हणते का लेथवर आंगठी घातली का बोट जाते."

"लेथ?" तुम्ही म्हणालात. "ते काय?"

"खराद, महाराज."

"खराद म्हणजे?"

प्रयागबाई तुमच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग तिनं तुमच्या तळहातावरचे तुकडे उचलून घेतले, उठली आणि म्हणाली, "चाल वं वच्छला."

जिन्यावर तिला हसू फुटलं. आधी तोंडावर पदर होता, मग पदरानंही आवरेना. व्हरायटी चौकापर्यंत ती हसत होती, लोक वळून पाहत होते. "त्याले खराद माहीत नाही वं! मी इतके दिवस भेली. मले वाटे, याले सारं दिसते. वरचा केतू दिसते त्याले, अन् माह्या पोराचा खराद नाही दिसत!" मग थोडी चालली आणि हळूच म्हणाली, "त्या भगतालेबी नदीतलं घाण पाणी दिसलं नसन, नाही?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या तोंडून ते ऐकलं. चालताना तिची पाठ सरळ झाल्यासारखी वाटली. आम्ही भेंडी घेतली, पालक घेतला, आणि घरी येऊन ती चंपतरावाआधी जेवली.

आता आमच्या घरी कोणाच्या बोटात काही नाही. तुमच्याशी माझं वैर इथेच संपलं असतं. हात आहे, सासू हसते, दगड फुटला तर फुटला.

पण त्या दिवशी जिना उतरताना आम्हाला एक माणूस वर येताना भेटला. बसस्टँडपाशी त्याचा उसाच्या रसाचा चरक आहे. दिवसभर तो फिरत्या लोखंडी रुळांत हातानं ऊस सारतो. प्रयागबाईला हसताना पाहून त्यानंही हसून आपला हात दाखवला. "मलेबी महाराजानंच देली, माय. लय पावर हाये." मधल्या बोटात उंच, मधाच्या रंगाचा लसण्या. अंगठी अखंड, मांसात रुतलेली. मी तिथेच त्याला सांगायला लागले, पण तो म्हणाला, "महाराज म्हणन तवाच काढीन." आणि वर तुमच्याकडे गेला.

उद्या सकाळी त्याचा चरक सुरू होण्याआधी मी तुमच्या जिन्याखाली उभी राहणार आहे, महाराज. चंपतरावाचा हात बरा होईपर्यंत मी त्याच्या चरकापाशी जाऊन पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं; तो तुमचं ऐकतो, माझं ऐकत नाही. त्याला ती अंगठी काढायला तुम्ही सांगणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच उत्तर मला द्या.